प्रज्ञा, त्या साडीबद्दल

प्रज्ञा,

तू गेल्याचं शेरिलला मी सांगितलं. सुधीरनं फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "मेधा, तू सांग. मला ते वाक्य इंग्रजीत बोलता येणार नाही." तीस वर्षं इंग्लंडच्या हॉस्पिटलांमध्ये नर्सिंग केलेला तुझा नवरा. कॉव्हेंट्रीत सकाळचे नऊ वाजले होते, तिच्याकडे ऑस्ट्रेलियात उन्हं उतरत होती. स्क्रीनवर तिच्या मागे लाल माती दिसत होती आणि ती पाण्याची टाकी, जिच्यासाठी ती कौन्सिलच्या निवडणुकीला अपक्ष उभी राहिली होती. आयुष्यभर जीपी म्हणून मी लोकांना वाईट बातम्या दिल्या. कशा द्यायच्या, याचं आम्हाला ट्रेनिंग असतं. त्या दिवशी मी नुसतं "शेरिल" म्हटलं आणि पुढे काही येईना. तिला कळलं.

ती होती तिथेच मातीत बसली. मग म्हणाली, "तुमच्यात गेलेल्या माणसाचं नाव घेतात का?"

प्रश्न मला कळला. त्यांच्या आदिवासी वस्तीत माणूस गेलं की काही काळ त्याचं नाव कुणी उच्चारत नाही, फोटो झाकतात, त्याच्या आवाजाचं रेकॉर्डिंग वाजवत नाहीत. मी म्हटलं, "घेतो. आम्ही तर फोटोला हार घालून भिंतीवर लावतो."

"आमच्या पहिल्या फिल्ममध्ये ती कॅमेऱ्यामागे हसलेली ऐकू येते. ठेवू की काढू?"

मी तुझ्या लेकीकडे पाहिलं. मैत्रेयी आदल्या दिवशी लीड्सहून आली होती आणि तेव्हापासून तुझा हिरवा स्वेटर घालून बसली होती. म्हणाली, "ठेवू दे ना मावशी. आईचा हसणं आहे ते." तू असतीस तर तिथल्या तिथे "आईचं" म्हणून सुधारलं असतंस. मला धीर झाला नाही.

तुझ्या अंत्यविधीला सगळे पांढऱ्या कपड्यांत होते. कॉव्हेंट्रीचे, बर्मिंगहॅमचे, तुझे धम्माचे लोक. त्रिशरण सुरू झालं आणि माझ्या लक्षात आलं की मला ते येत नाही. इतक्या वर्षांची मैत्री, तुझ्या घरी किती वंदना झाल्या, मी प्रत्येक वेळी स्वयंपाकघरात पुऱ्या लाटत होते किंवा उशिरा पोचत होते. मी ओठ हलवत उभी राहिले. शेजारच्या आजींनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि त्या जरा मोठ्यानं म्हणू लागल्या, मला ऐकून म्हणता यावं म्हणून. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

आपली ओळख आवाजावरून झाली होती, आठवतं? मी कॉव्हेंट्रीत ट्रेनिंगला होते. वॉर्डातल्या एका म्हाताऱ्या पेशंटच्या कानातला हेडफोन बाजूला पडला होता आणि त्यातून चक्क मराठी ऐकू येत होतं. "बेड अकरावरच्या काकांनी आज जेवण परत पाठवलंय असं कळलं. काका, निदान खिरीसारखं ते पुडिंग तरी खा." हॉस्पिटल रेडिओवर तू आठवड्यातून एकदा फुकट काम करायचीस. तळघरातल्या त्या खोलीत मी तुला शोधत आले. तू विचारलंस, "गाणं हवंय की तक्रार आहे?" मी म्हटलं, "चहा हवाय." पुण्याच्या सदाशिव पेठेतली मी आणि नागपूरच्या वस्तीतली तू. भारतात आपण एकमेकींना भेटलोच नसतो, हे तू पहिल्या महिन्यातच बोलून दाखवलंस. मी म्हटलं, "असं कशाला बोलतेस?" तू म्हणालीस, "खरं आहे म्हणून."

मग सुधीरला पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एका लहानशा दवाखान्यात वर्षभराचं काम मिळालं आणि तू त्याच्याबरोबर गेलीस. तिथे तुला काही काम नव्हतं. तिथल्या आदिवासी बायका एका पत्र्याच्या शेडमध्ये कापडावर छपाई करायच्या, तिथे जाऊन बसायचीस. पहिले काही दिवस कुणीच बोललं नाही. मग त्यांच्यातल्या सगळ्यात मोठ्या बाईंनी विचारलं, "तुझे लोक कोण?" तू म्हणालीस, "इंडियन." त्या म्हणाल्या, "तो देश झाला. तुझे लोक कोण?"

त्यांना सगळे आंटी म्हणायचे. त्याही आता नाहीत, म्हणून त्यांचं नाव मी इथेही लिहीत नाही.

तू त्या दिवशी त्यांना सगळं सांगितलंस. आजोबा, विहीर, शाळेतला माठ, दीक्षा. कुठल्याही परक्या माणसाला तू हे इतक्या सहज सांगितलं नव्हतंस. सांगून झाल्यावर तुला वाटलं, आता त्या म्हणतील आपलं दुःख सारखंच. त्या म्हणाल्या, "तुझं तुझं, माझं माझं. चहा घे." ही गोष्ट सांगताना तू दर वेळी हसायचीस. मग गंभीर होऊन म्हणायचीस, "मेधा, तिथून पुढे मी कामाला लागले."

परत आलीस ती कापडाचे दोन तागे घेऊन. आंटींच्या वस्तीला स्वतःचा धंदा हवा होता. सरकारी योजनेचा नको, कुणा धर्मादाय संस्थेचा नको. कापड त्यांचं, भाव त्यांचा, इकडे विकायचं आपण. मी तोवर पिनरला राहायला गेले होते; तिथलं माझं गॅरेज गोदाम झालं. माझी गाडी बाहेर थंडीत आणि आत ठिपक्यांचे, वर्तुळांचे, पानांचे तागे. हॅरोच्या हॉलमधल्या दिवाळी मेळाव्यात चकलीच्या स्टॉलशेजारी आपलं टेबल असायचं. लोक विचारायचे, "हे वारली का?" तू प्रत्येकाला न कंटाळता सांगायचीस की हे कुणाचं आहे, कुठलं आहे. मी मागून म्हणायचे, "प्रज्ञा, गिऱ्हाईक चाललं." तू म्हणायचीस, "जाऊ दे. ऐकून तर गेलं."

दुसरं काम कॅमेऱ्याचं; रेडिओनंतर तू ते इथे शिकली होतीस. दर हिवाळ्यात तू तिकडे जाऊन आठ-दहा बायकांना शूटिंग, एडिटिंग शिकवायचीस. तुझा एक नियम होता: कॅमेरा तू धरायचा नाहीस. आंटींची भाची शेरिल त्यातूनच तयार झाली. तिनं मावशीवर एक मोठी फिल्म केली, तू चार वर्षं तिच्या मागे उभी होतीस. इथल्या एका चांगल्या महोत्सवानं ती घेतली. आणि दाखवायच्या तीन आठवडे आधी आंटी गेल्या.

तू फिल्म परत घेतलीस. म्हणजे शेरिलनं सांगितलं आणि तू एका ईमेलनं ती काढून घेतलीस. मी फोनवर तुझ्यावर ओरडले. "चार वर्षं, प्रज्ञा! एकदा दाखवून मग बंद करा ना. कुणाला कळणार आहे तिकडे?"

तू म्हणालीस, "ज्यांना विचारायचं, त्यांना विचारलं. ते नाही म्हणाले. आता तुला काय समजावू?"

हे भांडण अर्धंच राहिलं. मला अजूनही वाटतं की आंटींनी स्वतः ती फिल्म दाखवा म्हटलं असतं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "तुला वाटून काय उपयोग?"

आणि मग ती साडी.

आपल्या ओळखीतलाच एक कपड्यांचा दुकानदार मेळाव्यात टेबलापाशी आला. म्हणाला, "डॉक्टर, या डिझाइनचा साडीचा काठ काय दिसेल! भारतातून छापून आणतो. तुमच्या त्या लोकांचं नाव होईल." तू त्या दिवशी नव्हतीस. शेरिलनं कौन्सिलला उभं राहायचं ठरवलं होतं आणि तू तिच्या प्रचाराच्या फिल्मवर घरी बसली होतीस. मी त्याला एका ताग्याचे फोटो काढू दिले. दोन महिन्यांनी त्यानं नमुन्याच्या सहा साड्या आणल्या. करडा रंग, काठावर वर्तुळात वर्तुळं आणि त्यांना जोडणाऱ्या ठिपक्यांच्या ओळी. सुंदर दिसत होत्या, खोटं का बोलू. एक घेऊन मी ट्रेननं कॉव्हेंट्रीला आले, तुला सरप्राइज द्यायला.

तू काठावरून बोट फिरवलंस. "हे आंटींच्या आईच्या पाणवठ्याचं चित्र आहे, मेधा. कुणाला विचारलंस?"

"अगं, नमुनाच आहे. आवडलं तर विचारू. शेवटी त्यांच्या भल्यासाठीच ना?"

"हे वाक्य आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ऐकलंय," तू म्हणालीस. आवाज चढवला नव्हतास. "तुला ते नवीन वाटतं, कारण तू ते म्हणणाऱ्यांच्या घरातली आहेस."

"दर वेळी जात आणलीच पाहिजे का?"

"मी नाही आणली. ती तुझ्याबरोबर ट्रेननं आली."

मी चहा न पिता निघाले. स्टेशनवर बसून रडले, मग रागावले. दुसऱ्या दिवशी मी दुकानदाराला काम थांबवायला सांगितलं, तो म्हणाला थांबवतो. दोन दिवसांनी तुझा मेसेज आला. अजून माझ्या फोनमध्ये आहे: "तुला ठाऊक नव्हतं, असं मी धरून चालते. शेरिललाही तसंच सांगितलंय. बाकीचं भांडण भेटल्यावर करू."

मी उत्तर दिलं नाही. आठवडा गेला, महिना गेला, पाच महिने गेले. सुधीरला वाटलं मी त्या जातीच्या बोलण्यावर रुसले आहे. तुलाही तेच वाटलं असणार. तू दोनदा फोन केलास, मी उचलला नाही.

त्या पाच महिन्यांत तुझं वजन उतरत गेलं. जेवण जाईना, पाठ दुखे, आणि तू शेरिलच्या फिल्म एडिट करत खुर्चीत बसून राहायचीस, त्यामुळे सगळे म्हणाले खुर्ची बदल. मी एकदा नुसती समोर येऊन बसले असते तर तुझ्या डोळ्यांतला पिवळेपणा मला दारातूनच दिसला असता. पेशंटांच्या डोळ्यांत पाहूनच मी पेन्शन मिळवली आहे. स्वादुपिंडाचा कॅन्सर. दोन-तीन महिने आधी कळून फार फरक पडला नसता, असं तुझ्या डॉक्टरांनी मला सांगितलं. मीही कित्येक नातेवाइकांना हेच सांगितलं आहे. ते खरं असतं आणि त्याचा काही उपयोग नसतो.

मैत्रेयीचा फोन आला. "मावशी, आईचा तब्येत खूप वाईट आहे. ती तुला बोलाव म्हणत नाही. मीच बोलवते."

मी आले तेव्हा तू हॉस्पिटलच्या बेडवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होतीस. किती लहान दिसत होतीस. मला पाहून म्हणालीस, "आलीस का? बस. हे ऐक, मागच्या वाऱ्याचा आवाज फार येतोय का?" जणू मी कालच गेले होते. स्क्रीनवर शेरिल नळाखाली काचेचा ग्लास धरून उभी होती. पाणी तांबूस. ती सांगत होती की दोन्ही पक्षांचे लोक दर निवडणुकीला येतात, या टाकीपुढे फोटो काढतात आणि आपल्या बाटलीतलं पाणी पिऊन जातात. "म्हणून मी कुणाच्याच तिकिटावर नाही."

"वारा येतोय," मी म्हटलं. "पण राहू दे. तिथे वारा असतोच."

तू मान डोलावलीस. "बघ, शिकलीस."

त्यानंतर एकोणीस दिवस. मी रोज येत होते. तुझी उशी सरळ करत होते, नर्सला औषधाच्या वेळा विचारत होते, जे काही डॉक्टर असलेली मैत्रीण करू शकते ते सगळं करत होते, म्हणजे काहीच नाही. तीन वेळा मी सांगायला तोंड उघडलं. एकदा रक्त काढायला माणूस आला. एकदा तुला झोप लागली. तिसऱ्यांदा कुणी आलं नाही, तू जागी होतीस, माझा हात तुझ्या हातात होता. मी म्हटलं, "प्रज्ञा, त्या साडीचं..." तू म्हणालीस, "सोड गं. तुला कुठे माहीत होतं." आणि मी सोडलं.

तू गेलीस त्याच्या पुढच्या शनिवारी तिकडे मतदान झालं. शेरिल हरली. थोडक्यात, पण हरली. टाकीपुढे फोटो काढणाऱ्यांपैकीच एक निवडून आला. मी फोन केला तेव्हा ती कापडाच्या शेडमध्ये होती. मी बोलले ते सगळं पोकळ होतं: पुन्हा उभी राहा, लोकांनी ऐकलं, वगैरे. ती म्हणाली, "ती असती तर आता कुठला शॉट चुकला ते सांगत बसली असती." आम्ही दोघीही हसलो. मी तुझा लॅपटॉप उघडायचा प्रयत्न केला, तुझ्या अर्धवट राहिलेल्या फिल्म तिला पाठवाव्यात म्हणून. पासवर्ड कुणालाच माहीत नाही. मैत्रेयीनं तिचा वाढदिवस टाकून पाहिला, सुधीरनं चौदा एप्रिल. मला काही सुचलंच नाही.

त्यानंतर तीन आठवड्यांनी हॅरोमध्ये एका बारशाला गेले होते. पाळण्याशी एक ओळखीची बाई वाकली होती आणि तिच्या पदराच्या काठावर आंटींच्या आईचा पाणवठा होता. करडा नव्हता, अबोली होता. म्हणजे नवीन छापलेला. मी जवळ गेले. ती खूष होऊन म्हणाली, "छान आहे ना, डॉक्टर? किती रंगांत आल्यात! माझ्या बहिणीनं लेस्टरमधून घेतली." घुगऱ्यांचा द्रोण हातात घेऊन मी उभी राहिले. तिला काय सांगणार होते? उतरव?

दुकानदाराकडे गेले. तो वाईट माणूस नाही गं. त्यानं खरंच काम थांबवलं होतं. म्हणाला, "डॉक्टर, मी नाही छापल्या. पण डिझाइन छापखान्यात गेलं होतं ना. तिथून कुणी उचललं, कुठे शोधणार? एकदा बाहेर पडलं की पडलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी शेरिलला फोन केला आणि सगळं सांगितलं. तुला जे तीनदा सांगायला गेले, तेही सांगितलं. ते आता तुलाही सांगते.

आंटी एकदा इंग्लंडला आल्या होत्या तेव्हा पंधरा दिवस पिनरला माझ्याकडेच राहिल्या होत्या. एका दुपारी तू त्यांच्या परतीच्या तिकिटासाठी बाहेर गेली होतीस. मी वरणाला फोडणी देत होते, त्या तिथेच स्टुलावर बसल्या होत्या. टेबलावर तो तागा पडला होता. मी सहज विचारलं, "हे काय आहे?" त्या म्हणाल्या, "काही सांगता येईल, काही नाही. आईचं पाणी आहे. तिनं मला दिलंय, मी शेरिलला देणार. कापडावर आम्ही छापतो तेवढंच चालतं. दुसऱ्या कुणाच्या हातानं नाही." मी म्हटलं, "हो, हो." त्या म्हणाल्या, "हो, हो नको. ऐकलंस का?" मी गॅस बारीक केला, त्यांच्याकडे वळले आणि म्हटलं, "ऐकलं, आंटी."

तर मला माहीत होतं, प्रज्ञा. दुकानदार फोटो काढत होता तेव्हाही ते मला आठवलं होतं. मला वाटलं, इतक्या लांब कोण बघतंय. मला वाटलं, ही जुन्या बायकांची सोवळी असतात, आपल्या आजीचीही होती. तुझ्या मेसेजला मी उत्तर दिलं नाही ते रुसले म्हणून नाही. "ठाऊक नव्हतं" याला "बरं" म्हणायची हिंमत नव्हती, आणि "ठाऊक होतं" म्हणायचीही. त्यात पाच महिने गेले. त्यात तुझे डोळे पिवळे झाले.

माझं बोलून झाल्यावर शेरिलनं विचारलं, "तिला कळलं होतं?"

"काय?"

"की तुला माहीत होतं."

"नाही."

तिनं स्क्रीनवरून नजर काढली. शेडच्या दाराकडे कुठेतरी बघत म्हणाली, "ती माझ्या आईला, सगळ्या बायकांना सांगत होती. मेधाला ठाऊक नव्हतं, तिच्यावर रागवू नका. म्हणून आम्ही रागावलो नव्हतो."

मी म्हटलं, "मला माफ..."

"थांब," ती म्हणाली. "आता आम्हाला रागवायचंय. त्याला वेळ लागेल. तोवर तू त्या साड्या कुठे कुठे आहेत ते शोध. मिळतील तेवढ्या शोध. पुढच्या सोमवारी फोन कर. उचलेन की नाही, ते आत्ता सांगत नाही."

त्या बारशातल्या बाईकडून मी साडी मागून आणली. लेस्टरला जाऊन आले, तिथे आणखी चार मिळाल्या. पाचव्या दुकानात म्हणाले, "संपल्या, पण नवा लॉट येतोय." इथल्या सॉलिसिटरला भेटले. त्यानं विचारलं, मूळ चित्राचा हक्क कागदावर कुणाच्या नावे आहे? मी म्हटलं, आईनं मुलीला दिलं. तो पेन खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिला. तू असतीस तर त्याला काय म्हणायचं ते तुला माहीत असतं.

काल सोमवार होता. नऊ वाजता फोन केला. पूर्ण रिंग वाजली आणि बंद झाली.